कधीपासून ओढतेय?

नाक्यावर त्याला सगळे दणका म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याच्या बायकोला तेवढं ठाऊक असावं, पण तीही ते कधी घेत नसे. हे नाव घणावरून पडलं की हातावरून, याबद्दल नाक्यावर दोन तट होते. घण ऐरणीवर पडल्यावर जो आवाज यायचा, तसलाच आवाज त्याचा पंजा माणसाच्या पाठीत बसल्यावर यायचा. त्यामुळे तो वाद कधी मिटला नाही.

त्याचा धंदा ट्रकच्या कमानींचा. चाकांचा आस आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये पोलादी पाट्यांची एक जुडी असते, तिला कमान म्हणतात. सगळ्यांत वर लांब पाटा, त्याखाली त्याहून आखूड, त्याखाली आणखी आखूड, अशी ती उतरंड. पाटे धनुष्यासारखे वाकलेले आणि मधोमध एका बोल्टाने घट्ट आवळलेले. वरचा लांब तो मुख्य पाटा. त्याची टोकं गोल वळवून गाडीच्या अंगात पिनांनी अडकवलेली असतात, आणि चाक जागच्या जागी राहतं ते त्याच्याच जिवावर. बाकीचे पाटे नुसतं ओझं वाहतात. मुख्य पाट्याला ओझंही वाहायचं असतं आणि चाकही धरून ठेवायचं असतं, घरातल्या थोरल्यासारखं. तो मोडला की चाक आपल्या मनाने चालू लागतं, आणि चाकाला मन फुटलं की माणसाचं काही खरं नाही.

डोंगरावरच्या दगडाच्या खाणीतून उतरणारा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे दणक्याची पत्र्याची शेड होती. दार नव्हतंच, कारण आत चोरण्यासारखं जे होतं ते एका माणसाला उचलवणारं नव्हतं. एका अंगाला भट्टी, मधे ऐरण, पलीकडे काळ्या तेलाची टाकी. लाल पाटा त्या तेलात गेला की जो धूर उठायचा, त्याने शेडमधली प्रत्येक गोष्ट काळी झाली होती, दणक्यासकट. शेडच्या मागे दोन खोल्यांचं घर. मधली भिंत हिवाळ्यात ऊबदार लागे आणि उन्हाळ्यात तिला पाठ टेकवत नसे.

आवळलेली कमान म्हणजे ओठांत दाबून धरलेली शिवी. मधला बोल्ट काढताना पाटे दाबून धरणारा शिकंजा नीट लावला नाही, तर सगळे पाटे एकदम बोलून टाकतात. एकदा असंच झालं आणि उसळलेल्या पाट्याने दणक्याचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. त्याने चिंधी दाबून धरली, काम पुरं केलं, मगच गाल शिवून घ्यायला गेला. ज्या ड्रायव्हरची गाडी होती तो ते बघून चक्कर येऊन पडला होता. त्यालाही दणक्यानेच खांद्यावर टाकून नेलं. डॉक्टरांनी आधी त्या ड्रायव्हरला तपासायला घेतलं, ही गोष्ट नाक्यावर अजून सांगतात.

कमान हे काम डोळ्यांचं नाही, कानाचं आहे. दणक्याच्या उस्तादाने त्याला ते कसं शिकवलं, तेही सांगण्यासारखं आहे. उस्ताद हातोडीने पाटा वाजवायचा आणि विचारायचा, चांगला की गेलेला? चुकलं की कानाखाली. चांगल्या पाट्याचा आवाज विहिरीत मारलेल्या हाकेसारखा लांबत जातो. तडा गेलेला पाटा वाजता वाजताच मरतो. या शिक्षणात दणक्याचा डावा कान कायमचा भणभणत राहिला, पण उजवा असा तयार झाला की गाडीखाली पाठीवर झोपून, हातोडीच्या एका टकटकीवर तो पाट्याचं आयुष्य सांगे. शिकवणी मारानेच होते, ही त्याची समजूत तिथलीच. कारण त्याला स्वतःला दुसरी कुठली मिळालीच नव्हती.

गाडी शेडमध्ये आली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. कधीपासून? कधीपासून ओढतेय, कधीपासून एका अंगाला बसलीय, कधीपासून वाजतंय. एका ड्रायव्हरने भोळेपणाने खरं सांगितलं होतं, की झाले बरेच दिवस, पण खेपा चालू होत्या म्हणून आलो नाही. दणक्याने त्याचा पुढचा दात पाडला. मग त्याच हाताने पाणी पाजलं आणि म्हणाला, इतके दिवस तू मरणाच्या मांडीवर बसून गाडी हाकलीस, मी तर फक्त दात पाडला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पाट्याची गोष्टच अशी आहे की ज्या दिवशी तो बदलायला हवा त्या दिवशी तो मोडलेला नसतो, आणि मोडल्यावर बदलायला गाडी उरलेली नसते. तो मधला दिवस हेरणं हीच खरी कारागिरी. तो हेरायचा तर गाडी चालवणाऱ्याने खरं सांगावं लागतं. आणि त्या दातानंतर नाक्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरने आपलं उत्तर पाठ करून टाकलं. कधीपासून ओढतेय? आजच. कधीपासून वाजतंय? आत्ताच, वळणावर. महिनाभर खुरडणाऱ्या गाड्या दणक्याच्या दारात येताच त्याच दिवशी आजारी पडू लागल्या. दणक्याला वाटलं, लोक सुधारले.

त्याच्या मारातून नाक्यावर एकच माणूस सुटलं होतं, ते म्हणजे त्याची बायको. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, भट्टीतले निखारे विझले म्हणून त्याने तिच्यावर हात उगारला होता. ती तेव्हा सांडशीने निखारेच ओढत होती. तिने ती लाल सांडशी शांतपणे उचलली आणि त्याच्या मिशीला लावली. अर्धी मिशी चरचरत गेली. पुढच्या खेपेला डोळा, एवढंच म्हणाली आणि परत निखारे ओढू लागली. दणका मिशी वाढेपर्यंत तोंडाला फडकं बांधून काम करत होता. लोखंड आणि बायको, या दोघांनाच तो नीट ऐकून घेत असे.

नाक्यावरचे सगळे तिला वहिनी म्हणत, कारण दणक्याचा धाकटा भाऊ तिला वहिनी म्हणायचा. त्या धाकट्याला नाक्यावर धाकटा हेच नाव होतं. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की त्याला तिचा चेहराही आठवत नसे. त्याला वाढवलं दणक्याने, आणि दणक्याला एकच रीत ठाऊक होती. रस्त्यावर पळाला म्हणून मारलं, भट्टीजवळ गेला म्हणून मारलं, तापात पाणी प्यायला नाही म्हणूनसुद्धा मारलं आणि मग रात्रभर उशाशी बसून राहिला. धाकट्याला पुढे मिशा फुटल्या, खांदे भावाहून रुंद झाले, ट्रक चालवू लागला. पण दणक्याने माशी हाकलायला जरी हात वर केला, तरी धाकट्याचं कोपर आपोआप डोळ्यांसमोर येई. मग तो ते कोपर डोकं खाजवायच्या निमित्ताने खाली घेई. वहिनी ते बघे. दणका बघत नसे.

दोघांचा मिळून एक ट्रक होता, म्हातारी नावाचा. घेतला तेव्हाच तो कुणाकुणाच्या हाताखालून आलेला. त्याचा मीटर कितीदा फिरून परत शून्यावर आला याचा हिशेब कुणाकडे नव्हता, आणि हल्ली तर काटा एकाच आकड्यावर बसून राहिला होता, देवळाबाहेरच्या भिकाऱ्यासारखा. धाकटा वर खाणीत दगड भरायचा आणि उतार उतरून नाक्यापलीकडच्या खडीच्या कारखान्यात ओतायचा. म्हातारी कुरकुरायची, पण चालायची.

त्या वर्षी मोठ्या रस्त्याचं काम निघालं आणि खाणीवर गाड्यांची रांग लागली. हौद्यात दगड शीग लावून भरायला लागले. दणक्याने धाकट्याला बजावलं, गाडी घेऊन ये. पुढच्या कमानी हा मोसम काढतील की आत्ताच उतरवायच्या, ते मी बघून सांगेन. तोवर खाण चढायची नाही.

धाकटा सकाळीच गाडी घेऊन आला. एरवी तो आला की आधी घरात डोकवायचा, वहिनीला चिडवायचा, ताटातलं काहीतरी उचलायचा. त्या दिवशी केबिनमधून उतरून तो तिथेच चाकाला टेकून उभा राहिला.

"भावजी, जीभ घरी विसरून आलात का?" वहिनीने विचारलं.

तो हसला, पण ते हसू दातांपुरतं होतं.

आता धाकट्याच्या पोटात काय होतं ते इथेच सांगतो. म्हातारी खूप दिवस डावीकडे ओढत होती. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागे. आज सांगू, उद्या सांगू करत त्याने दिवस ढकलले. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर काहीच नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी सांगायचं तर कालचा मार खावा लागणार होता, आणि तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचा. असं करत गोष्ट सांगण्यापलीकडे गेली. मग एक दिवस वर खाणीच्या आवारातच, सुदैवाने गाडी रिकामी असताना, डाव्या कमानीचा मुख्य पाटा मोडला. डोंगरापलीकडच्या गावात दुसरा एक कमानवाला होता. धाकट्याने त्याच्याकडून तेवढा एक मुख्य पाटा नवा घालून घेतला. वर जळकं तेल फासलं, त्यावर खाणीची धूळ उडवली, आणि पाटा जुन्यासारखा जुना करून टाकला.

कमानीच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही. जुने पाटे वर्षानुवर्षं ओझं वाहून सपाट झालेले असतात. त्यांच्यात नवा, ताठ कमरेचा पाटा घातला की सगळं ओझं तो एकटा उचलतो आणि बाकीचे त्याच्या आडोशाला बसून राहतात. वहिनी म्हणायची, नव्या सुनेसारखं. घरात सगळ्यात तरणी ती, म्हणून सगळ्यात आधी कंबर तिचीच मोडते.

दणका गाडीखाली शिरला. पाठीखाली गोणपाट, हातात हातोडी. आधी त्याने नेहमीप्रमाणे वितीने उंची मोजली, आसापासून वर गाडीच्या अंगाला बसवलेल्या ठोकळ्यापर्यंत. डावी बाजू बोटभर उंच भरली. त्याने खालूनच विचारलं, ही डावीकडे वर का? धाकटा म्हणाला, जमीन उताराची आहे. जमीन खरंच थोडी उताराची होती. मग दणक्याने ओढते का म्हणून विचारलं, वाजते का म्हणून विचारलं. नाही दादा, नाही दादा. मग त्याने हातोडी मारली. उजवा मुख्य पाटा थकल्यासारखा, पण अखंड वाजला. डावा असा वाजला की दणका क्षणभर हातोडी तशीच धरून ऐकत राहिला. लांब, गोड, विहिरीतल्या हाकेसारखा.

तो बाहेर आला तेव्हा खुशीत होता. हा मोसम काढेल म्हातारी, म्हणाला. दिवाळखोर घरात एखादी म्हातारी असते ना, सगळ्यांना पोचवून मग जाणारी, तशी आहे ही. आणि त्याने खुशीतच धाकट्याच्या पाठीत थाप मारायला हात उचलला. धाकट्याचं कोपर वर आलं. मग तो केबिनमध्ये चढला आणि खाणीकडे निघून गेला.

दिवस डोक्यावर आला. भट्टी फुललेली होती. दणक्याने दुसऱ्या कुणाच्या गाडीसाठी एक नवा पाटा घडवायला घेतला होता. लोखंड लाल झालं, त्याने त्याला घणाखाली घातलं. घाम, ठिणग्या आणि घणाचा आवाज, बाकी जग नव्हतं. पाट्याला हवा तसा बाक आला. मग तेल, धूर, परत थोडी ऊब. थंड झाल्यावर त्याने तो पाटा दोरीला टांगला आणि सवयीने हातोडीची एक टिचकी दिली.

पाटा वाजला. लांब, गोड.

दणक्याने पुन्हा मारली. मग तिसऱ्यांदा. वहिनी जेवायला बोलवायला आली होती, ती शेडच्या तोंडाशीच थांबली. तिने त्याचा असा चेहरा गाल फाटला तेव्हाही पाहिला नव्हता.

"हाच आवाज," तो म्हणाला. "सकाळी म्हातारीच्या पोटात हाच आवाज होता. म्हातारीला हा आवाज कुठून आला?"

वहिनीने एकदा त्या टांगलेल्या पाट्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या धुरात काढलेली बाई, तिला वेगळं सांगावं लागलं नाही. "नवी सून," ती म्हणाली. आणि मग, "भावजी दगड भरून निघाले असतील."

पंक्चरवाल्याची मोटारसायकल नाक्यावर उभी होती. दणक्याने ती विचारल्याशिवाय घेतली. पंक्चरवाला अडवायला आला तर त्याला एका हाताने बाजूला सारला, तो टायरांच्या ढिगात जाऊन पडला. दणका चढणीला लागला. एवढ्या सगळ्या घाईत त्याच्या हातातली हातोडी हातातच राहिली. हँडल आणि हातोडी त्याने एकाच मुठीत धरली होती. चाळीस वर्षं जी वस्तू हातात असते, ती हातात आहे हे माणसाला कळत नाही.

अर्ध्या डोंगरावर एक लांब सरळ उतार आहे. वरून उतरणाऱ्याच्या डाव्या अंगाला कातळाची भिंत, उजव्या अंगाला दरी. त्या उताराच्या खालच्या टोकाला त्याने मोटारसायकल आडवी टाकली, कारण वरून म्हातारीच्या इंजिनाची घरघर येऊ लागली होती. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवू लागला. थांब, हळू, थांब. हातवारे थांबवण्याचेच होते. पण उजव्या हातात हातोडी होती.

धाकट्याने वळणावरून उताराला गाडी घातली आणि खाली रस्त्यात भाऊ उभा दिसला, हातोडी उगारलेला. पुढे अंथरुणावर पडल्यापडल्या त्याने वहिनीला सांगितलं की त्या क्षणी त्याच्या मनात गाडी नव्हती, पाटा नव्हता, उतारही नव्हता. कुणीतरी चुगली केली आणि दादा मारायला आला, एवढंच होतं. तो पुन्हा सात-आठ वर्षांचा झाला होता आणि मारातून पळायचं एवढंच त्याला कळत होतं. त्याने ब्रेकवरचा पाय काढला. हॉर्नवर पंजा दाबून धरला आणि कातळाच्या बाजूने दणक्याला चुकवून खाली पळायचं ठरवलं. शीग लावलेल्या दगडांसकट म्हातारी सुटली.

दणक्याला आधी कळेना. मग कळलं. भाऊ आपल्याला पाहून थांबत नाही, आपल्याला पाहून पळतोय. त्याने वर पाहिलं आणि स्वतःच्या मुठीत ती हातोडी त्याला दिसली, जणू दुसऱ्याच कुणाच्या हातातली. त्याने ती दरीत भिरकावली. रिकामे पंजे समोर धरले आणि तिथेच गुडघ्यांवर बसला.

दादाला गुडघ्यांवर बसलेला धाकट्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने दोन्ही पाय ब्रेकवर घातले.

ब्रेक लागला आणि मागचं सगळं ओझं पुढे आलं, एकट्या नव्या पाट्यावर. तो मोडला. बार उडाल्यासारखा आवाज झाला, डोंगराने तो दोनदा परत केला. डावं चाक मागे सरकलं, आस तिरपा झाला आणि म्हातारीने तोंड डावीकडे फिरवलं. ती कातळावर अशी आदळली की जमीन दणक्याच्या गुडघ्यांखाली हलली. काचेचा धुरळा उडाला. हौद्यातले दगड केबिनची पाठ फोडून आत घुसले, उरलेले वरून उड्या मारत रस्त्यावर आले. एक दणक्याच्या खांद्याला लागून गेला. तो पडला, उठला, आणि धावला.

डावं दार चेपून कातळात बसलं होतं. दुसऱ्या दाराची मूठ तुटून हातात आली. फोडायला काही नव्हतं, हातोडी त्यानेच दरीत टाकली होती. मग रस्त्यावरचाच एक दगड उचलून त्याने दार ठेचायला सुरुवात केली. पत्रा फाटला तसा दगड टाकून तो हातांनी पत्रा ओढू लागला. पंजे कापले, नखं गेली, त्याला पत्ता नव्हता. आत धाकटा स्टिअरिंग आणि दगड यांच्यामध्ये अडकला होता. डाव्या नडगीचं हाड पँट फाडून बाहेर आलं होतं. चेहऱ्यावर रक्त इतकं की डोळा कुठला ते कळेना. दणक्याने छातीवरचे दगड एकेक करून मागे फेकले आणि भावाला उचलायला रक्ताळलेला हात आत घातला.

धाकट्याने डोळा उघडला. हात येताना दिसला. मोडलेल्या बरगड्यांवरून त्याचं कोपर वर आलं आणि डोळ्यांसमोर जाऊन थांबलं.

"दादा, मारू नको," तो म्हणाला. "सांगणारच होतो."

 दणक्याने त्या कोपराखालून हात घालून भावाला बाहेर काढलं. खाली नाक्यापर्यंत कुठल्या गाडीत घालून नेलं, कुणी नेलं, ते त्याला नंतर कधी आठवलं नाही.

धाकटा जगेल असं डॉक्टरांनी सांगितलं, पाय मात्र आखूड होणार म्हणाले. ते ऐकून दणका उठला. मोडलेला पाटा त्याने गाडीखालून काढून आणला होता. जिथे मोडला तिथलं तोंड सगळं चकचकीत, जुन्या तड्याची काळी रेघ कुठेही नाही. वर जळक्या तेलाचा लेप, आणि त्याखाली नव्या पोलादाची निळी झाक. तो तुकडा हातात घेऊन तो डोंगरापलीकडच्या कमानवाल्याकडे गेला, कारण त्या भागात दणक्याखेरीज हे काम करणारा तोच एक.

तो माणूस जेवून बाजेवर आडवा झाला होता. दणक्याने त्याला गळ्याला धरून उठवला आणि भिंतीवर आपटला. पण तोही कमानवालाच, घणावर वाढलेला. त्याने हाताला येईल ती पहार उचलून दणक्याच्या दुखऱ्या खांद्यावर घातली. मग दोघं अंगणात भिडले. धुळीत लोळले, बादली लाथाडली, कोंबड्या ओरडत छपरावर गेल्या. त्या माणसाचं नाक फुटलं, दणक्याच्या गालाची जुनी शिवण उसवली. शेजारी जमले, पण दोन पोलादांच्या मधे कोण जाणार? शेवटी दणका त्याच्या छातीवर बसला आणि तो पाटा त्याच्या तोंडापुढे धरला. जुन्यात नवा एकटा घालू नये एवढं तुला ठाऊक नव्हतं का, असं तो विचारत होता.

त्या माणसाने रक्त थुंकलं. "मला ठाऊक नव्हतं?" तो धापा टाकत म्हणाला. "मी त्याला म्हणालो, दोन्ही कमानी पुऱ्या उतरव. तो म्हणाला, पुऱ्या नव्या घातल्या तर दादाला दिसतील. एक घातला तर लपेल."

दणक्याची उगारलेली मूठ वरच राहिली. ती कुणाला मारायची ते तिला कळेना. मग ती खाली आली, छातीवर नाही, मातीवर. तो उठला. त्या माणसाला हात देऊन उभं केलं. दोघं एकाच बादलीतल्या उरलेल्या पाण्याने रक्त धूत बसले. 

घरी आल्यावर वहिनीने त्याला गाल परत शिवून घ्यायला नेलं. काय झालं ते तिने ऐकून घेतलं.  त्या दिवसापासून मिशी जाळणारी ती सांडशी तिने भट्टीजवळ, दणक्याच्या नजरेसमोर टांगली.

म्हातारी परत उभी राहिली. पुढच्या दोन्ही कमानी दणक्याने स्वतः घडवल्या, पुऱ्या नव्या. उतरवलेले जुने पाटे त्याने एकेक करून ऐरणीवर घेतले आणि घणाने असे कुटले की नाक्यावरच्या लोकांनी कान झाकले. धाकटा काठी टेकत हिंडू लागला, मग काठीशिवाय, मग खुरडत केबिनमध्ये चढू लागला. खाणीची वाट त्याने पुन्हा धरली.

दणका म्हातारा झाला, पण मवाळ झाला असं कुणी म्हणू नये. अजूनही बाहेरचा ड्रायव्हर खोटं बोलला तर त्याच्या शिव्यांनी पत्रे हलतात. एक गोष्ट मात्र नाक्याने हेरली आहे. गाडी आली की तो हातोडी ऐरणीवर ठेवतो, मग दोन्ही हात पाठीमागे नेतो, उजव्या हाताचं मनगट डाव्या पंजात घट्ट धरतो, आणि त्यानंतर विचारतो. पहिल्यांदा लोक हसले. शाळेतल्या पोरासारखा उभा राहतो म्हणाले. मग हसायचे थांबले, कारण त्या मनगटाच्या शिरा कशा ताठतात ते त्यांनी पाहिलं.

मागच्याच उन्हाळ्यात दुपारी म्हातारी शेडसमोर येऊन थांबली. धाकटा उतरला. आखूड पाय आधी, मग दुसरा. वहिनी शेडच्या तोंडाशी उभी होती.

"दादा," तो म्हणाला, "डावीकडे ओढतेय."

दणक्याने हातोडी ठेवली. हात पाठीमागे नेले.

"कधीपासून?"

पंक्चरवाला टायर सोडून बघू लागला. भट्टीत निखारा फुटला. धाकटा भावाच्या खांद्यांकडे बघत होता, ते दंडापर्यंत ताठलेले खांदे, ज्यांच्या टोकाला असलेले हात दिसत नव्हते.

"झाले चार-पाच दिवस," तो म्हणाला. "खेपा चालू होत्या."

बोलून झालं आणि त्याचं कोपर वर आलं. त्याने आणलं नव्हतं, ते आपलं आपण आलं. डोकं खाजवायचं निमित्त त्याने या वेळी केलं नाही. ते कोपर तो तसंच धरून राहिला.

दणक्याचा डावा पंजा उजव्या मनगटावर आणखी आवळला. गालावरची शिवण ओढली गेली.  मग हात पाठीमागे ठेवूनच तो खाली वाकला, आधी एका गुडघ्यावर, मग दुसऱ्यावर, आणि तसाच गाडीच्या चाकापाशी बसला.

"जॅक लाव," तो म्हणाला. "आजच उतरवू. दोन्ही बाजू, पुऱ्या."

धाकट्याने कोपर खाली घेतलं आणि जॅक आणायला गेला.